विळा न लागलेला पट्टा

घाणेरीच्या जाळ्या एकतीस. सुयांसारख्या पानांची राळेची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेलेली चौदा, कमरेएवढी छपन्न. गुडघ्याखालची मोजायची थोरलीने सोडून दिली, कारण ती गवतात बुडालेली होती. वाऱ्याने गवत आडवं झालं की दिसत आणि उभं राहिलं की नाहीशी होत. काटेरी झुडपांची बेटं सात. रानडुकराची वाट एक, खालच्या रानातून निघून थेट गोठ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत आलेली. सात वर्षांपूर्वी इथे यातलं काहीच नव्हतं. गवत होतं, आणि तेही कापलेलं.

थोरली सून गोठ्याच्या छपरावर चढली होती ती शाकारायला. पण एक पेंढी बसवावी आणि मान वळवून खाली बघावं, असं तिचं सकाळपासून चाललेलं. शेवटी ती खाली उतरली, पट्ट्याच्या कडेला गेली आणि आत पाय न टाकता हातातली काठी गवतात खुपसली. जमीन लागायच्या आधी काठी कोपरभर आत गेली. वरचं गवत यंदाचं, खालचं गेल्या वर्षीचं, त्याच्या खालचं त्याच्याही आधीचं. सगळं एकावर एक निजलेलं, आणि काठी बाहेर काढली तर टोकाला ओल म्हणून नाही.

डोंगराच्या खांद्यावर दोन घरं, त्यांच्या मागे दोन गोठे, गोठ्यांमागे शेजारीशेजारी दोन गंज्या. तिथून खाली उतारावर कुरण, आणि कुरण संपलं की रान. हे कुरण काही आभाळातून पडलेलं नव्हतं. आजेसासऱ्याच्या आज्याने रान तोडून ते काढलं होतं, आणि तेव्हापासून तिघांनी मिळून रानाला खाली दाबून धरलं होतं: विळ्याने, गुरांच्या तोंडाने आणि थंडी सरताना पहाटेच्या दवात लावलेल्या आगीने. तिघांतल्या एकाने जरी हात काढला तरी रान वर चढणार, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण रान काही डोकं फोडत, आरोळ्या ठोकत येत नाही. ते वीतवीत येतं.

सासरे गेले तेव्हा दोघा भावांनी कुरण वाटून घेतलं. मोजणीला घरचीच दोरी. थोरल्याचा हिस्सा मोजला सकाळी, तेव्हा दोरी दवाने भिजून आखडलेली. धाकट्याचा मोजला दुपारी, तेव्हा ती उन्हाने वाळून ढिली झालेली. दोन्ही बाजूंनी मोजत आले तर मधे बावीस हात रुंदीचा पट्टा उरला, वरपासून खालपर्यंत. थोरला म्हणाला, "ओल्या दोरीने मला नागवलं, हा पट्टा माझा." धाकटा म्हणाला, "दोरी तीच, मोजणारे हात तेच, निम्मा माझा." शब्दाला शब्द लागला, मग काठीला काठी. शेवटी पंच बसले आणि त्यांनी तोड काढली: निकाल लागेपर्यंत पट्ट्यात कुणी विळा घालायचा नाही, गुरं सोडायची नाहीत, आग लावायची नाही. जो आधी हात लावील, त्याचा हक्क गेला.

पंचांना वाटलं, महिन्याभरात दोघं ताळ्यावर येतील. त्यांतले दोन पंच आता हयात नव्हते.

थोरला अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. थोरली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, पट्ट्यात काठी घालून बघितली मी."

त्याचा हात थांबला. "पाय टाकलास?"

"काठी घातली म्हटलं. पाय कशाला टाकू? तुमचे बंधुराज खिडकीत बसलेलेच असतात, बगळा बसतो तसे."

"मग बरं."

"बरं काय त्यात? कोपरभर वाळकं गवत आहे. वर ती राळेची झाडं. उन्हात उभं राहिलं की नुसता वास येतो, दिव्यात तेल घालून ठेवल्यासारखा. आणि त्याचं टोक कुठे आलंय? आपल्या गंजीच्या बुडाशी."

"त्याच्याही गंजीच्या बुडाशी आलंय." थोरल्याने दांड्यावर ठोका घातला. "त्याला नको काळजी?"

"म्हणजे दोघांचंही जळालं तर तुम्हाला चालतंय."

"जळतंय कशाला? आणि हे बघ, येत्या बाजारानंतर मी आपलं कुरण जाळायला घेणार. दरवर्षी घेतो तसंच. आपल्या हद्दीपर्यंत आणायची आग, हद्दीवर मारायची. रेषेपलीकडे ठिणगी जाणार नाही. गेली तर हक्क जाईल, ते कळतंय मला."

"आगीला कळतंय का हद्द कुठं आहे ते?"

"तू छप्पर शाकार," थोरला म्हणाला.

थोरलीने छप्पर शाकारलं. पण तिचं चित्त गंजीपाशी होतं. गोठ्यात दोन गाई, त्यातली एक गाभण, एक म्हैस आणि सहा शेळ्या. पाऊस पडून नवं गवत यायला अजून तीन महिने होते, आणि तोवर या सगळ्यांच्या पोटाला एवढी एकच गंजी. गंजी गेली तर जनावरं विकावी लागणार, आणि जनावरं गेली की डोंगरावर राहायला कारणच उरत नाही. डोंगराच्या पलीकडच्या धारेवरची तीन घरं अशीच उतरून गेली होती. तिथे आता चुलीच्या जागेवर राळेचं झाड होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, ती मात्र तिने कुणाला सांगितली नाही. गेल्या पंधरवड्यात एकदाही दव पडलं नव्हतं. खालच्या दरीतून वारा सुटत होता आणि रात्रभर थांबत नव्हता. सकाळी अनवाणी गवतावरून चाललं तर पाय कोरडे राहत.

दोन दिवसांनी ती विळ्याला धार लावायला खालच्या वस्तीवर लोहाराकडे गेली. भट्टीपाशी धाकटी जाऊ आधीच येऊन बसली होती. तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला विळा. सात वर्षांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. घरं मात्र इतकी जवळ की एकीची फोडणी जळली तर दुसरीला खोकला यायचा.

थोरली दुसऱ्या कोपऱ्यात बसली. "लोहारदादा, धार लावून द्या. आणि तुमच्या त्या गिऱ्हाइकाला सांगा, डुकराची वाट त्यांच्या गोठ्यामागे आलीय. शेळ्या आत बांधत जा म्हणावं."

लोहाराने तोंड उघडायच्या आतच धाकटी म्हणाली, "लोहारदादा, त्यांना सांगा, वाट वर येऊन त्यांच्याच गोठ्याकडे वळलीय. आमच्याकडे खायला आहे काय डुकराला?"

"सांगा त्यांना, आमच्याकडे तरी कुठं पक्वान्नं शिजतायत?"

"सांगा त्यांना, वास तर येतो रोज."

"ए बायांनो!" लोहाराने हातोडा आपटला. "मी लोहार आहे का टपालवाला? एक निरोप पोचवतोय तोवर लोखंड थंड होतंय. दोघींना कान आहेत, दोघींना तोंडं आहेत, आणि तोंडांची धार तर माझ्या भट्टीत नाही तसली. बोला आपापसांत. मी कोळसा घेऊन येतो."

तो मागच्या खोपटात गेला. भट्टीतला कोळसा बारीक तडतडत होता.  मग धाकटी खाली बघतच म्हणाली,

"भाऊजी बाजार झाला की जाळायला घेणार म्हणे."

"घेणार."

"दव पडत नाहीये, जाऊबाई."

थोरलीने मान वर केली. म्हणजे ही बाईदेखील सकाळी उठून पाय कोरडे राहतात का ते बघत होती.

"तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, दादाची आग पट्ट्यात शिरली तर बरंच आहे, त्याचा हक्क जाईल." धाकटी कडवट हसली. "म्हटलं, आणि आपली गंजी? तर म्हणतात, दादाचीही जाईल की."

"एकाच आईची लेकरं," थोरली म्हणाली. "आमचे हेही तेच म्हणाले. शब्दाला शब्द तोच."

"मग आपण काय करायचं? तोंडात बोट घालून बसायचं?"

"गंज्या हलवू म्हटलं तर जागा नाही. पट्टा कापू म्हटलं तर आधी विळा घालेल त्याचा हक्क गेला."

"आधी घालेल त्याचा," धाकटी म्हणाली आणि थांबली. मांडीवरचं फडकं तिने उलगडलं, विळा हातात घेतला. "दोघींनी एकदम घातला तर आधी कोण?"

लोहार कोळसा घेऊन आला तेव्हा दोघी शेजारी बसल्या होत्या.  दोन्ही हत्यारांना त्याने नेहमीपेक्षा जास्त धार लावली.

बाजाराच्या दिवशी दोघे भाऊ उजाडताच निघून गेले, एक पुढे, एक मागे, ओरडलं तर ऐकू जाईल पण बोलता येणार नाही एवढ्या अंतराने. ते वळणाआड गेले तशा दोघी जावा गोठ्यांमागे आल्या. अख्खा पट्टा कापणं दोघींच्या आवाक्यातलं नव्हतं. वरच्या टोकाला, गंज्यांच्या बुडाशी, बावीस हातांच्या रुंदीत आडवी मोकळी जागा काढायची, एवढंच ठरलं. वरची झुडपं तोडायची, खालचं गवत कापायचं आणि मग कुदळीने मुळासकट खरवडून माती उघडी करायची. खायला काही मिळालं नाही की आग थांबते.

"तीन म्हटलं की घालायचा," थोरली म्हणाली. "दोनवर नाही."

"मला मोजता येतं, जाऊबाई."

"लग्नात तू सातव्या पावलाला नवऱ्याच्या पायावर पाय दिलेलास, म्हणून म्हटलं."

"तो मुद्दाम दिलेला."

एक, दोन, तीन. दोन विळे गवतात गेले.

घाणेरी तोडणं म्हणजे चिडलेल्या मांजराला अंघोळ घालण्यातला प्रकार. दोघींच्या हातांवर ओरखडे उठले, लुगडी फाटली. जाळीच्या आत गवताची काडी नव्हती, नुसती फिकट भुकटी झालेली माती. राळेच्या झाडांखाली सुयांसारख्या पानांचा थर साचलेला, पाय ठेवला की चुरचुरणारा. थोरलीने त्यातल्या मूठभर सुया दगडावर ठेवल्या आणि काडी ओढली. सुया पेटल्या नाहीत, भडकल्या. तिने घाईघाईने पाय ठेवून विझवल्या. धाकटी बघत होती. त्यानंतर दोघींनी पाणी प्यायला देखील बसकण मारली नाही.

काम करता करता सात वर्षांचं साचलेलं बाहेर येत होतं. कुणी कुणाच्या कोंबडीला दगड मारला. कुणाच्या बाळंतपणात कोण आली नाही. "दाराशी येऊन उभी होते मी," थोरली म्हणाली. "हे मागे उभे होते. परत फिरले मी."  धाकटीने हातातली कुदळ पुढे केली आणि म्हणाली, "ही घ्या, हलकी आहे. ती जड माझ्याकडे द्या."

तोडलेलं सगळं ओढून गोठ्यांच्या पुढच्या अंगणांत न्यावं लागलं. खाली ढकललं असतं तर आगीला पायरीच करून दिल्यासारखं झालं असतं. गंज्यांपासून खाली वीस हात जागा काढायची ठरली होती. ऊन कलेपर्यंत बारा हात निघाली. तेरावा हात निम्मा खरवडून झाला आणि वळणावर दोन माणसं दिसली, एक पुढे, एक मागे.

मग जे व्हायचं ते झालं. थोरला आणि धाकटा सात वर्षांनी पहिल्यांदा समोरासमोर उभे राहिले.

"तुझ्या बायकोने आधी घातला!"

"वहिनीने घातला! वहिनीच्या बाजूचं जास्त कापलेलं दिसतंय!"

"आम्ही एकदम घातला, भाऊजी," थोरली म्हणाली. "तीन म्हटल्यावर."

"एकदम काही नसतं जगात! कुणाचा तरी केसभर आधी लागतोच."

"मग तो केस शोधा आणि पंचांना दाखवा," धाकटी म्हणाली.

पंचांना दाखवायचंच असं दोघांनीही तिथल्या तिथे ठरवलं. एवढ्या एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत झालं. पंच बसेपर्यंत आता चौघांतल्या कुणीही पट्ट्यात पाऊलदेखील टाकायचं नाही. टाकलं तर तीच कबुली.

थोरली घरात आल्यावर म्हणाली, "पंच बसू देत. मग जाळा. दव पडायला लागू दे."

"लोक म्हणतील, बायकोला घाबरून जाळायचं राहिलं," थोरला म्हणाला. "उद्या पहाटे घेतो."

पहाटे तिने अंगणाबाहेरच्या गवतावरून हात फिरवला आणि तो कोरडा हात नवऱ्यासमोर धरला. त्याने पाहिलं. पण मदतीला बोलावलेली दोन माणसं ओल्या फांद्या घेऊन येऊन उभी होती, आणि पलीकडे धाकटा हद्दीच्या रेषेवर हाताची घडी घालून बसला होता. थोरल्याने काडी ओढली.

आग त्याने रीतीप्रमाणे वरच्या बाजूने लावली. उतरणारी आग म्हातारी असते, चढणारी तरणी. ती कुरणाच्या कापलेल्या खुंटांवरून घोट्याएवढ्या उंचीने हळूहळू खाली सरकू लागली. माणसं कडेने चालत होती, रेषेपाशी आली की फांदी मारत होती. मागे काळी स्वच्छ जमीन पडत होती. बराच वेळ सगळं इतकं नीट चाललं की थोरलीला क्षणभर स्वतःची लाज वाटली.

मग रानातल्या पाखरांचा आवाज बंद झाला. दरीतून वारा वर आला.

जळत्या गवताचं एक झुबकं उचललं गेलं आणि पट्ट्याच्या आत पडलं, रेषेपासून हातभर. थोरल्याने फांदी उगारली. एक पाऊल, एक फटका, संपलं असतं.

"दादा, पाय टाकलास तर बघ! साक्षीदार आहेत!" धाकटा ओरडला.

थोरल्याची फांदी हवेतच राहिली. "मग तू विझव!"

"मी का? आग तुझी!"

"जागा तुझी म्हणतोस ना!"

"निम्मी!"

मदतीची माणसं एकदा याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. तेवढ्यात झुबक्याखालून धूर आला, पांढरा, मग पिवळा. खालच्या थरातलं सात वर्षांचं गवत पेटलं तेव्हा आवाज झाला, मोठं कापड मधोमध टरकावं तसा. राळेचं पहिलं झाड बुडापासून शेंड्यापर्यंत एका दमात पेटलं. आग आता उतरत नव्हती.

थोरली आणि धाकटी आधीच वर होत्या. पहाटेपासून त्यांनी पोती भिजवून ठेवली होती आणि त्याबद्दल एकमेकींशी चकार शब्द काढला नव्हता. रानडुकरीण चार पिलं घेऊन पट्ट्यातून उसळून बाहेर आली आणि दोघींच्या मधून निघून गेली. त्यांच्याकडे तिने बघितलंही नाही. तिच्या मागे धग आली. थोरलीच्या भुवया करपल्याचा वास तिचा तिलाच आला.

आग उघड्या मातीपाशी येऊन उभी राहिली. उभीच राहिली, छपरापेक्षा उंच, आणि पलीकडे वाकून बघितल्यासारखी हलली. निम्म्या खरवडलेल्या तेराव्या हातातली मुळं पेटली. मोकळ्या मातीवर राहून गेलेल्या बारीक काड्या, सुया एकेक करून लाल झाल्या आणि ठिणगी काडीकाडीने पुढे सरकू लागली. दोघी वाकून तिला मारत होत्या. वरून ठिणग्या पडत होत्या. थोरलीच्या गंजीवर एक पडली; धाकटी ओलं पोतं घेऊन तिच्यावर चढली. धाकटीच्या गंजीला कडेने धूर आला. थोरलीने तेवढ्या पेंढ्या उपसून हातांनीच फेकल्या. गोठ्यातली गाभण गाय हंबरत होती, सारखी, दम न घेता.

मग वर जायला गवतच उरलं नाही, तशी ज्वाळा बसली. खाली मात्र धाकट्याच्या कुरणाचा निम्मा भाग आणि त्याखालचं रान दिवसभर जळत राहिलं. पलीकडच्या धारेवर, सोडून गेलेल्या घरांच्या बाजूला, धूर दुसऱ्या दिवशीही निघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ अंगणांमधल्या दगडी गडग्यावर बसले होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघांचेही चेहरे काजळलेले. थोरली पाणी घेऊन आली तेव्हा तिच्या कानावर आलं,

"राखेवर पहिलं गवत येईल ते गोड येतं," थोरला म्हणत होता. "माझ्या गाई सोडीन मी. ओल्या दोरीचं ते."

"निम्म्यात सोड," धाकटा म्हणाला. "निम्म्यापुढे तोंड लागलं तर पंचांना सांगेन."

थोरलीने तांब्या दोघांच्या मधे गडग्यावर ठेवला. तो दोघांच्याही हाताला पुरत नव्हता. ती गोठ्यामागे गेली. धाकटी तिथे आधीच उकिडवी बसली होती, फडकं बांधलेल्या बोटांनी माती चाचपत. काळं कुठे संपतंय तिथे तिने एक खडा ठेवला.

"मोजा," ती म्हणाली. "माझा हात तुमच्यापेक्षा आखूड आहे."

थोरलीने खड्यापाशी कोपर टेकलं आणि गंजीच्या पहिल्या पेंढीपर्यंत हातापुढे हात टाकत गेली. दोन हात, एक वीत, चार बोटं.